चाचांचा रफू

"तिसरा अंक सांगू नका हां, ताय!" असं म्हणून चाचा दोन्ही कानांवर हात ठेवायचे. तोंडात चार टाचण्या, गळ्यात टेप आणि कानांवर हात! दोह्याच्या नजमा भागातल्या त्यांच्या चिंचोळ्या शिवणाच्या दुकानात मी ब्लाउज टाकायला गेले की हे ध्यान मला हमखास बघायला मिळे.

आता तुम्ही म्हणाल, कसला तिसरा अंक? तर कसलाही. आमच्या रय्यानच्या बिल्डिंगमधल्या सासू-सुनेचं भांडण मी रंगवून सांगायला लागले की शेवटाला येताच चाचांचे हात कानांवर. वर्ल्डकप तोंडावर आलेला, अख्खं दोहा खणून ठेवलेलं, गिऱ्हाइकं कोण जिंकणार म्हणून तावातावानं भांडत. चाचा मशीन थांबवून ओरडत, "यल्ला, चला, बाहेर जाऊन भांडा! मला शेवट ऐकायचा नाय."

मूळ दुखणं खरंच एका नाटकाचं होतं. चाचा रत्नागिरीकडचे. सतरा वर्षांचे असताना जवळच्या मोठ्या गावात एक गाजलेलं संगीत नाटक आलं होतं. तीन दिवस, रोज दुपारी. चाचा तिन्ही दिवस गेले. पण त्यांचं घर खाडीपलीकडे, आणि शेवटची होडी दुसरा अंक संपता संपता सुटायची. तिन्ही दिवस पोरगं दुसऱ्या मध्यंतरात उठलं आणि धक्क्याकडे धावत सुटलं. दोन अंकांतली सगळी पदं तोंडपाठ, तिसऱ्याचा पत्ता नाही. पुढे आखातात आले नि राहिलेच. नवरा लढाईवर गेलेल्या त्या नायिकेचं पुढं काय झालं, हे चाचांनी तीसपस्तीस वर्षांत कुणाला सांगू दिलं नव्हतं.

"अहो, फोनवर बघा की," मी एकदा म्हटलं.

"फोनवर कळंल, ताय. पण मला ते बाईंच्या तोंडून ऐकायचंय."

बाई म्हणजे मूळ संचातली नायिका. साठी ओलांडली तरी अजून उभ्या राहत, अजून गात. आणि तेच नाटक आमचं इथलं मराठी मंडळ दोह्यात आणणार होतं! मी मंडळाची सेक्रेटरी. मला नाटकातलं ओ की ठो कळत नाही, पण मला नाही म्हणता येत नाही, म्हणून सेक्रेटरी. चाचांना पहिल्या रांगेतली खुर्ची मीच दिली. त्यांनी ते तिकीट मशीनच्या खणात, बॉबिनांच्या डबीखाली ठेवलं.

मग मी घोळ घातला. नाटकाच्या व्यवस्थापकांचा निरोप आला, "ताई, जुन्या संचाला आता प्रवास झेपत नाही. नवा संच घेऊन येतोय." मला वाटलं, सेट! दारं, खिडक्या, महालाचे खांब. मी लगेच ग्रुपवर टाकलं, 'खास दोह्यासाठी नवाकोरा संच!' खाली पन्नास अंगठे. इतक्या वर्षांत ऑफिसचं इंग्रजी बोलून आमचं मराठी हे असं झालंय.

चाचांना दाखवलं तेव्हा त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

"संच म्हंजे मानसं, ताय. लाकूड नाय."

"म्हणजे?"

"म्हंजे बाई येत नायत."

फोन केला. खरंच होतं. बाईंच्या घशाचं काहीतरी निघालं होतं आणि त्यांच्या जागी त्यांची एक शिष्या उभी राहणार होती, सव्वीस-सत्तावीस वर्षांची. मी ग्रुपवर दुरुस्ती टाकली मात्र, आग लागली! 'मूळ संच म्हणून तिकिटं घेतली', 'ही कोण, कुणी ऐकलंय का हिला?', 'बाईंच्या जागी बाईच हव्यात'. तिकडे दुखान गावात राहणाऱ्या एका गृहस्थांनी तर प्रयोगच रद्द करा म्हणून तीन पानी मजकूर लिहिला. दोन दिवस माझा फोन शांत बसला नाही. मी घाबरले होते, खोटं कशाला बोलू?

चाचांनी मात्र भांडण केलं नाही. त्यांनी खणातून तिकीट काढून माझ्या हातात दिलं. "दुसऱ्या कुनाला द्या. माझा काय योग नाय," म्हणाले आणि मशीन चालू केलं. इतका राग मला त्या तीन पानांचा आला नव्हता.

गुरुवारी मंडळी उतरली. नवी नायिका चणीनं बारीक. बाईंच्या चोळ्या तिच्या अंगावर लोंबायला लागल्या. प्रयोग शुक्रवारी संध्याकाळी. मी सगळे कपडे एका गाठोड्यात बांधले आणि कोणत्या तोंडानं जायचं ते तोंड घेऊन नजमाला गेले.

"बाई नायत म्हनून पोरीनं काय ढगळ चोळी घालून उभं राहायचं?" चाचा उलट माझ्यावरच खेकसले. "ठेवा ते हितं."

"आणि जिथं जिथं फाटलंय, उसवलंय, तेही नीट करा हं," मी ऐटीत सांगितलं. हे माझे शब्द. माझेच.

तेवढ्यात व्यवस्थापकांचा फोन आला म्हणून मी तो चाचांच्या कानाला लावला. पलीकडून ते म्हणाले, "टेलरकाका, त्यात एक अंगरखा आहे, तिसऱ्या अंकातला, त्याचं..."

"तिसरा अंक सांगू नका!" चाचांनी फोन असा काही माझ्या हातात कोंबला, जणू चटका बसला. मी हसले आणि तो बंद केला.

शुक्रवारी चाचा गाठोडं घेऊन शाळेच्या हॉलवर आले. कपडे देऊन जातो म्हणाले, पण एकीचा हूक निघाला, एकाची बंडी उसवली, आणि ते विंगेमागे अडकले. पहिला अंक थंड गेला. लोक हाताची घडी घालून बसले होते. दुसऱ्यात दोन पदांना टाळ्या आल्या, त्याही हिशेबी. पोरीच्या कपाळावरचा घाम मला विंगेतून दिसत होता.

दुसऱ्या मध्यंतरात तिनं अंगरखा उचलला आणि किंचाळली, "चीर कुठंय?"

व्यवस्थापक धावले. अंगरख्याच्या छातीवर तलवारीची चीर होती, भोवती रक्ताचा डाग. लढाईवरून तो अंगरखा येतो, नायिका चीर बघते आणि नवरा गेल्याचं तिला कळतं. अख्खा तिसरा अंक त्या चिरेवर उभा! आणि चाचांनी डाग धुऊन काढला होता. चिरेला असा रफू केला होता, की दिव्याखाली धरूनही दिसेना.

चाचांचा चेहरा पांढराफटक पडला. "मला वाटलं, फाटलंय... कात्री द्या, मी उसवतो, आत्ता उसवतो." आणि ते पेटीत कात्री शोधायला लागले. व्यवस्थापक संतापानं काही बोलणार, तोच तिसरी घंटा झाली. पोरीनं अंगरखा ओढून घेतला. "राहू द्या. मी बघते," म्हणाली आणि गेली.

पडदा उघडला. मला देव आठवले.

सेवकाचं काम करणाऱ्यानं अंगरखा तिच्या हातात दिला. तिनं तो उलगडला. चीर नाही. सेवक पुढचं वाक्य विसरला. तिनं अंगरखा हळूहळू चाचपला. छातीवर बोटं आली आणि थांबली.

"हे कुणी शिवलं?" तिनं विचारलं. हे वाक्य नाटकात नव्हतं.

सेवक बावचळला. "ठाऊक नाही, वहिनीसाहेब."

"ज्यानं शिवलं, त्याला वाटलं असेल, हिला कळू नये." तिनं ती जागा गालाला लावली. "केवढी माया केली माझ्यावर परक्या माणसानं." आणि तिनं पद सुरू केलं. अगदी खालच्या सुरात.

माझ्या शेजारी चाचा उभे होते. पोरीची फक्त पाठ दिसत होती आम्हाला.

"ताय," त्यांनी हळूच विचारलं, "तो मेला काय?"

"हो, चाचा."

ते कपड्यांच्या पेटीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. मीही रडले. समोर अख्खा हॉल रडत होता, ते तीन पानीवालेसुद्धा.

प्रयोग संपल्यावर चाचा तिच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "पोरी, चूक झाली." तिनं त्यांचे हात धरले. "काका, आता हा रफू मी उसवू देणार नाही," म्हणाली. व्यवस्थापक आधी फुगून बसले होते. पण मुंबईला पोचल्यावर त्यांनीच कळवलं, की पुढच्या सगळ्या प्रयोगांत अंगरखा शिवलेलाच राहील.

त्यानंतर महिन्याभरात चाचांची इमारत पाडायला काढली. मी सुट्टीवर नाशिकला होते. परत आले तर दुकानाच्या जागी पत्र्याचं कुंपण, त्यावर फुटबॉलची रंगीत चित्रं. चाचांचा व्हिसा कॅन्सल झाला होता आणि ते गावी गेले होते. नंबर इथलाच होता, तोही बंद. आणि मी मूर्ख बाई, इतक्या वर्षांत गावाचं नाव विचारलं नाही. ते नुसतं 'खाडीपलीकडे' म्हणायचे आणि मला ते पुरायचं.

वर्ल्डकप सुरू व्हायच्या आठवड्यात मला एका अनोळखी नंबरावरून रेकॉर्ड केलेला निरोप आला. बाईंचा. बसलेला, घोगरा आवाज, मध्ये मध्ये खोकला. "त्या शिंपीदादांना एवढं सांगा," बाई म्हणत होत्या. "परवा मी प्रेक्षकांत बसून नाटक बघितलं. इतकी वर्षं मी तो अंगरखा हातात घेतला, पण मला तो कुणी शिवून दिला नाही. मला त्यांना भेटायचंय. त्यांच्यासमोर बसून तिसरा अंक म्हणून दाखवीन, जमेल तसा."

मी तो निरोप चाचांच्या बंद नंबरावर पाठवला. पोचत नाही हे ठाऊक असून तीनदा पाठवला. रत्नागिरीकडे खाडीपलीकडच्या एखाद्या गावात, दोह्याहून परतलेला टेलर तुमच्या पाहण्यात असेल, तर त्यांना सांगा, बाई वाट बघताहेत. आणि जरा लवकर सांगा हो, त्यांचा आवाज फार बसलाय.