निम्मा विहार

सोमनाथ गवंडी अवसरी खुर्दचा. हात सफाईचा, पण स्वभाव भिडस्त. समोरच्याला नाही म्हणताना जीभ अडखळायची.

एक्याण्णव साली त्याच्या जिवाभावाच्या मित्रानं, भिमाजीनं, घर बांधायला काढलं. काम जोत्यापर्यंत आलं आणि तिकडे सरकारनं रुपयाची किंमत उतरवली. त्या बातमीचा अर्थ वस्तीला कळला तो मंचरच्या दुकानात. सिमेंट वर, लोखंड वर. भिंती उभ्या राहीपर्यंत स्लॅबचं लोखंड भिमाजीच्या आवाक्याबाहेर गेलं. मग त्यानं भंगार वितळवून केलेली स्वस्त सळई टेम्पोत घालून आणली.

"भिमा, ही वाकवताना तडकती रं."

"मग उघड्यावर ऱ्हाऊ का? पोराबाळांचं घर हाय. टाक तू स्लॅब."

सोमनाथनं टाकला.

बरीच वर्षं काही झालं नाही. मग छत गळू लागलं, आतली सळई गंजून फुगली आणि एका दुपारी स्वयंपाकघरावरचा तुकडा खाली आला. भिमाजीची बायको लंकाबाई चुलीपाशी बसली होती. तिचं कंबरडं मोडलं. ती पुन्हा उभी राहिली नाही. भिमाजी सोमनाथला एका शब्दानं बोलला नाही. चार शिव्या दिल्या असत्या, तर सोमनाथला झोप तरी लागली असती.

दोन हजार चार साली वस्तीनं बुद्धविहार बांधायला घेतला. वर्गणी जमवण्यातच वर्षं गेली होती, आणि ऐन वेळी लोखंड पुन्हा भडकलं. दुकानदार म्हणायचे, सगळा माल चीनला चाललाय. बैठकीत कुणीतरी स्वस्त सळईचा विषय काढला. माना डोलल्या.

"ती सळई आणली तर मी थापीला हात लावणार न्हाई," सोमनाथ म्हणाला. "हाय त्या पैशात निम्मा बांधू."

समितीतला कुशाबा उसळला. "निम्म्यात मानसं मावतील का? आयाबायांनी मजुरीतनं पैसं दिल्यात! तुला जमत नसंल तर दुसरा गवंडी बघू."

तेव्हा मागून भिमाजी उठला.

"माझ्या घरची सळई मी आणली व्हती. ह्यो नको म्हनत व्हता. आधी घरी या, लंकीकडं बघा, मग काय ते ठरवा."

स्वस्त सळईचा विषय तिथंच मिटला.

विहार निम्माच झाला. कुशाबानं सोमनाथशी बोलणं टाकलं. सोमनाथ आता कुणासाठीच ती सळई वापरीना, तेव्हा स्वस्तात घर हवं असणारे दुसरीकडे जाऊ लागले. पूर्वी सवड नसलेला माणूस आठवडेच्या आठवडे रिकामा राहू लागला. त्याची बायको द्रौपदा मात्र कधी कुरकुरली नाही.

बुद्धपौर्णिमेला आत मूर्ती बसली. आत माणसं दाटीवाटीनं बसली. उरलेली बाहेर कापडी मांडवात, वैशाखाच्या झळांमध्ये. "सोमनाथ, तू तरी आत ये," म्हणत भिमाजीनं सरकून जागा केली.

सोमनाथनं हातानंच नको म्हटलं. ज्यांची जागा आपण कमी केली, त्यांच्यातच तो बसला. आत वंदना सुरू झाली, तसे त्यानं घामेजलेले हात जोडले.