आंबिलाच्या मडक्यामागचं गाणं

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमचं लातूर ओसाड पडतं. दुकानांना कुलपं, रिक्षा सापडत न्हाई. सगळे रानात. ज्याला रान न्हाई तो दुसऱ्याच्या रानात जेवतो आणि कुणी विचारत न्हाई, तू कोण. आमच्याकडं दिवाळीपेक्षा हा सण मोठा.

बायको जाऊन सव्वा वर्ष झालं. मागची येळवस दुखाची म्हणून सोडली. यंदा मुलगा म्हणाला, जायचं. मी म्हणलो, येतो, पण फेरी मारणार न्हाई.

फेरीची आमच्या घरची रीत अशी. कडब्याच्या कोपीत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. पूजा झाली की घरधनी आंबिलाचं मडकं घेऊन, शिंपडत, आरोळी देत कोपीभवती पाच फेऱ्या मारतो. मागून बायको गाणं म्हणते. त्रेचाळीस वर्षं मी पुढं, ती मागं. मला आरोळी येते, गाणं न्हाई. तिच्या माहेरची उदगीरकडची बोली, आणि माझं ध्यान पालेभाज्या-डाळींच्या भज्जीच्या पातेल्याकडं. ती गेली तेव्हा कळलं, गाणंबी गेलं. मग काय मुकी फेरी मारू?

मुलानं मडकं पुढं केलं. मी म्हणलो, "तूच मार. माझ्यामागं कोण हाय?"

सून चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, "मामा, मला येतंय गाणं."

"कुणी शिकवलं?"

"आत्याबाईंनी," ती म्हणाली, म्हणजे माझ्या बायकोनं. "बाजरीचे उंडे वळताना. पण त्यात तुमच्यावर हाय. राग येईल तुम्हाला."

मुलगा मान खाली घालून हसायला. म्हणजे त्यालाबी ठाऊक.

"म्हण," मी म्हणलो. "गेलेल्या माणसावर राग धरून काय करू?"

मडकं हातात घेतलं, आरोळी दिली. निम्मीच निघाली. मागून सून:

"पुढं चालतो धनी गं, हाती आंबिलाचं मडकं,
पांडव राहिले मागं गं, भज्जीपायी पोट रडकं."

शेजारच्या बाया बांधावर येऊन तोंडाला पदर लावून हसायल्या. दुसऱ्या फेरीला माझं घोरणं. तिसरीला, पंचमीला तिला आणायला जाऊन सासऱ्याशी भांडून एकटाच परतलो, ते. चौथीला तंबाखू. इतकी वर्षं ही बाई चारचौघांत माझी अब्रू काढायली होती आणि मी पुढं ताठ मानेनं आंबील शिंपडायलो होतो.

पाचव्या फेरीला सून थांबली. "पाचवं कडवं आत्याबाई दर वर्षी नवं जोडायच्या. तुम्ही वर्षभर जे केलं त्याचं."

"मग जोड की."

"मी?"

"न्हाई तर कोण? लवकर, मडकं जड हाय."

"वरीस सरलं गं बाई, मामा घुम्यावानी वागं,
मीठ बरुबर तरी गं, ह्यांना अळणीच लागं."

खरं होतं. मीठ रोज बरोबरच असायचं.

"चाल चुकली," मी म्हणलो. "ती शेवटचा शब्द लांबवायची. खाली आणून सोडायची."

"म्हणजे ऐकत होता की, दादा!" मुलगा म्हणाला.

पाचच फेऱ्यांची रीत हाय. मडकं सावरलं आणि सहावी सुरू केली.

"लांबव," मी मागं न बघता म्हणलो.