कुंडलच्या घराचं कुलूप

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच कबूल करतो. सांगलीत हळदीच्या अडत दुकानात तीस वर्षं काढली. पोत्याच्या तोंडाशी एक हळद आणि तळाशी दुसरी, हे इतकं पाहिलंय की आता दूधवाला हसला तरी मला दुधात पाणी दिसतं. बायको मला शंकासुर म्हणते.

काम सोडल्यावर फोटो आणि पेन्सिलचित्रांचा नाद लागला. दुचाकी काढायची, आसपासच्या गावांत हिंडायचं, जुनं दार किंवा गोठा दिसला की टिपायचा. मग कधी फोटो, कधी त्यावरून काढलेलं चित्र इंटरनेटवरच्या हौशी लोकांच्या ग्रुपवर टाकायचं.

मागच्या उन्हाळ्यात कुंडलमधल्या एका घराचं चित्र टाकलं. लाकडी दार, त्याला मोठं कुलूप, कट्ट्यावर पालथी घागर. वाहवा करणारे नेहमीचेच. पण एका अनोळखी माणसाने विचारलं, "दाराला कुलूप हाय व्हय? कवा बघितलं तुमी?" खात्याला धड नाव नाही, चेहऱ्याच्या जागी ट्रॅक्टर.

मी सावध झालो. चित्राचं कौतुक नाही, आणि चौकशी कुलपाची! दुसऱ्या दिवशी पुन्हा, "आवं, सांगा की. घरात कोन दिसलं का?" आता खात्रीच पटली. बंद घरं हेरणारे असेच असणार. माझ्यामुळे कुणाचं घर फुटायला नको म्हणून ठोकून दिलं, "चित्रातलं कुलूप मी मनाने काढलंय. घरात माणसं असतात. दारात कुत्रंही आहे, चावरं."

उत्तर लगेच आलं. "बरं झालं. मग सुट्टी दिवाळीलाच घेतो."

चोराला कसली सुट्टी, असं मनात आलं खरं. पण त्याला कसा वाटेला लावला हे बायकोला रंगवून सांगण्यात ते राहून गेलं.

तीन आठवड्यांनी पुन्हा कुंडलला गेलो. कुलूप तसंच होतं. मी मोबाइल वर केला तशी शेजारची बाई बाहेर आली. "कोन तुमी? बंद घराचं फोटो कशाला काढताय?" चित्रांची वही दाखवली तेव्हा ती जरा निवळली. म्हणाली, म्हातारी इथं एकटीच राहायची. सव्वा महिना झाला, सांगलीला दवाखान्यात आहे. लेक तिच्यापाशी. मुलगा मिलिटरीत, पार सरहद्दीवर.

"त्याला न्हाई कळवलं. तिकडं जिवाला घोर कशाला? फोन आला की लेक सांगती, आई रानात गेलीया, आई झोपलीया. सुट्टीवर आला की कळंल."

मिलिटरीवाल्यांच्या घरांत ही रीतच आहे, मला ठाऊक होती. दिवाळीला सुट्टी घेणारा माझा चोर कोण, ते आता उमगलं. मी तिला मोबाइलवरचं सगळं वाचून दाखवलं. तिने तोंडाला पदर लावला.

"नगा कळवू," ती म्हणाली, पण आवाजात जोर नव्हता.

मला माझी भयंकर लाज वाटली. तिथेच कट्ट्यावर बसून लिहिलं, "कुलूप खरं आहे. तुम्हाला चोर समजून मी खोटं बोललो. आई सांगलीला दवाखान्यात आहे. दिवाळीची वाट पाहू नका."

उत्तर एवढंच आलं, "आई हाय न्हवं?"

मी बाईला वाचून दाखवलं.

"हाय म्हणावं," ती म्हणाली. "पर आजच निघ म्हणावं."