फिल्टरचं घर

लातुरात त्या दिवशी मी चार दुकानं फिरलो आणि चारही ठिकाणी एकच उत्तर मिळालं. "बसतंय की." मी जुना ऑइल फिल्टर काउंटरवर ठेवायचो, दुकानदार त्याला हात न लावता मागच्या फळीवरून एक खोका काढायचा आणि म्हणायचा, बसतंय की. मला त्या शब्दाचाच राग आहे. बसायला काय, पायात दुसऱ्याची चप्पलही बसते.

माझी गाडी म्हणजे साडेतीनशे सीसीची मोटारसायकल, जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाची. भूकंपाच्या आधी घेतलेली, तीही वापरलेली. पण स्वतःच्या कमाईतून घेतलेली ती माझी पहिली वस्तू. या गाडीचा फिल्टर बाहेरून दिसत नाही. इंजिनाच्या पोटात एक गोल कप्पा असतो, त्याला मेकॅनिक लोक फिल्टरचं घर म्हणतात. त्यात जाळीवर नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचं जाड कापड, गुंडाळलेली नळी जाते, मागून स्प्रिंग आणि वर झाकण. नळी नखभर आखूड निघाली तर तेल नमद्यातून गाळून न जाता कडेनं निसटतं, कचऱ्यासकट. लांब निघाली तर झाकण आवळताना नमदा चुरगळतो. शेवटी मी तीन फिल्टर घरी आणून टेबलावर ठेवले. एक कागदी होता. दुसरा नमद्याचा, पण आखूड. तिसऱ्याची लांबी बरोबर होती, पण टोकाचं रबर इतकं कडक की नख उमटेना. बायको दोनदा येऊन बघून गेली. तिसऱ्यांदा म्हणाली, "मुली बघायला आल्यासारखे काय बघत बसलात? करा एक पसंत."

तिला थट्टा सुचत होती. इंजिन नुकतंच बांधून आणलेलं, आणि आता पुन्हा जाम होऊन बसलं तर ते भंगारातच जाणार, असं मेकॅनिकनं तोंडावर सांगितलं होतं. त्यात रविवारी मला याच गाडीवर निलंग्याच्या पुढं अक्काच्या गावी जायचं होतं. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. त्या वर्षांत अख्खा मराठवाडा आपली पोरं क्लाससाठी लातुरात आणून सोडत होता. माझ्याही चार खोल्यांतली एकेक खाट भाड्यानं गेली होती. अक्काची मुलगी माझ्या घरीच राहायला आली होती आणि तिची सोय बघायला अक्का येणार होती. मी फोनवर म्हणालो, "एसटीनं येऊ नको, मी गाडी घेऊन येतो."

ती हसलीसुद्धा नाही. "तुझ्या गाडीवर? मग एक दिवस आधीच निघ."

हा टोमणा भूकंपापासूनचा आहे. तेव्हा मी नांदेडला होतो. बिजागऱ्या, कडी-कोयंडे, खिळे असला माल गाडीला पोती बांधून बिलोली-देगलूरपर्यंत विकत फिरायचो. भाव करण्यात मला कोणी हरवलेलं नव्हतं, अजूनही नाही. माझा एक नियम होता. सौदा झाला की दुकानाबाहेर पडायचं आणि मागून हाक आली तरी वळायचं नाही. आपण फार स्वस्तात दिलं हे दुकानदाराला तेवढ्यात कळलेलं असतं. नांदेडच्या एका जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात मी असाच फिल्टर घेतला. दुकानदार बसवून देण्याची मजुरी मागत होता. मी म्हणालो, झाकण उघडायचं नि लावायचं, त्याची कसली मजुरी? मजुरी कापली, वर फिल्टरचा भावही पाडला आणि निघालो. घरी येऊन संध्याकाळी स्वतः बसवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे जमीन हलली. नांदेडात भांडी पडली, लोक रस्त्यावर आले, एवढंच. सकाळी बातमी आली की निलंगा-औशाकडची गावंच्या गावं बसली. मी तोंडही न धुता गाडीला किक मारली. लोहा ओलांडलं आणि इंजिनातून दगड फुटल्यासारखा ठोका येऊ लागला. माळाकोळीच्या अलीकडं चाक जागीच धरलं. इंजिन बसलं. गाडी एका चहावाल्याच्या छपराखाली ढकलली आणि मिळेल त्या ट्रकनं, टेम्पोनं, पुढं चालत निघालो. पोचलो तेव्हा दुसऱ्या दिवसाचं ऊन चढलं होतं. अक्काचं माळवद खाली आलं होतं. सासू त्याखाली गेली होती आणि तिचं सगळं आटोपलंही होतं. बाकीच्या बायकांचे भाऊ पहिल्याच दिवशी येऊन माती उपसून गेले होते. अक्का लिंबाखाली बसली होती. म्हणाली, "आलास? मी कालपासून रस्त्याकडं बघून राहिले."

एवढंच म्हणाली. पण पुढं कुठंही लग्नाकार्यात विषय निघाला की, "माझा भाऊ दुसऱ्या दिवशी आला." आणि मी प्रत्येक वेळी सांगायचो की नांदेडच्या त्या माणसानं मला चुकीचा फिल्टर गळ्यात मारला. इतक्यांना सांगितलं की ते दुकान न पाहिलेले लोकही त्याला शिव्या घालायचे. तो फिल्टर मी एका डब्यात जपून ठेवला होता. पुरावा म्हणून.

शुक्रवारी तो डबा आणि लातूरचे तीनही फिल्टर पिशवीत घातले आणि नांदेडची एसटी धरली. बरोबर फिल्टर जुन्या दुकानातच मिळेल हे कारण खरं होतं. पण अहमदपूर येईपर्यंत माझं मनात त्या माणसाशी तीनदा भांडून झालं होतं.

तो होता. दाढी पांढरी झालेली, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. मी डबा काउंटरवर आपटला. "चाचा, हा फिल्टर तुम्ही मला दिला होता. भूकंपाच्या आदल्या दिवशी. इंजिन बसलं माझं."

"कायकू चिल्लारे? पहले बैठो." त्यानं फिल्टर काढला, उजेडात धरला, नमद्यावर अंगठा फिरवला आणि माझ्यापुढं पट्टी ठेवली. "मोजा तुम्हीच. लांबी बरोबर. रबर बघा, अजून मऊ आहे. असा माल आता येत नाही. कुणी बसवला?"

"मीच."

"घर भरलं होतं?"

"काय?"

"तेलानं. फिल्टर बदलला की घर रिकामं होतं ना. झाकण लावायच्या आधी वाटीभर तेल आत ओतायचं. नाहीतर पंप हवा ओढतो, इंजिनातला क्रँक कोरडा फिरतो. थोडा वेळ पुरे. त्याच वक्ताला तो खराब होतो, मग कुठंतरी रस्त्यात बसतो."

मी भडकलो. "मग तेव्हा सांगायचं नाही का?"

"मजुरी देणाऱ्याला सांगावं लागत नाही, दुकानातला पोरगा स्वतः ओततो. तुम्ही मजुरी कापली. तरी मी हाक मारली होती. पायरीपर्यंत आलो होतो."

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. ती माझ्याकडं बघू लागली. मला सांगायचं होतं की खोटं बोलता, इतक्या वर्षांपूर्वीचं तुम्हाला काय आठवणार. पण हाक मला आठवत होती. "ओ भाई, सुनो तो." मी वळलो नव्हतो. उलट चाल वाढवली होती, आणि कोपऱ्यावर जाऊन स्वतःवर खूश झालो होतो.

मी म्हणालो, "पायरीपर्यंत आलात, तर रस्त्यापर्यंत यायचं होतं." हे मी आजही म्हणतो. दुकानदारानं गिऱ्हाइकाच्या मागं धावायला पाहिजे होतं.

"हां," चाचा म्हणाला, "आणि तुम्ही पळाले असते."

लातूरचे तीनही फिल्टर त्यानं बाजूला सारले आणि आतून एक नमद्याचा काढून आणला. मी भाव विचारला. त्यानं सांगितला. मी तोंड उघडलं, पुन्हा मिटलं आणि सांगितले तेवढे पैसे दिले. पिशवी उचलून पायरी उतरलो आणि तिथंच उभा राहिलो. चाचानं आतून विचारलं, "काय राहिलं?" मी म्हणालो, "काही नाही. हाक मारता का बघतोय." तो खूप हसला. मला हसू आलं नाही.

शनिवारी घर तेलानं काठोकाठ भरलं, झाकण लावलं आणि खालचा नट सैल करून तेल पुढं पोचतंय हे डोळ्यांनी पाहिलं. रविवारी अक्काच्या दारात पोचलो तेव्हा तिचं अंगण झाडून व्हायचं होतं. ती झाडू हातात घेऊनच गाडीभोवती फिरली. "आज कसा काय पोचलास?"

"फिल्टर बरोबर मिळाला."

"अन् तवाचा?"

खोटं बोलायला जागा होती. तिला फिल्टरमधलं काय कळणार होतं? "तवाचाबी बरोबरच होता," मी म्हणालो. मजुरीचं सांगितलं, वाटीभर तेलाचं आणि मागून आलेल्या हाकेचंही.

तिनं उरलेलं अंगण झाडून काढलं. मग झाडू भिंतीला टेकवला. "म्हंजी त्या बिचाऱ्याला उगाच शिव्या दिल्या आपण. मीबी दिल्या."

"हाव."

पदर खोचून, मांडीवर पिशवी घेऊन ती मागं बसली. मी किक मारली. इंजिनाच्या आवाजात ती ओरडली, "वाटंत मी पडले अन् हाक मारली, तर थांबशील का न्हाई?"

औसा येईपर्यंत मी दोनदा थांबलो. तिनं एकदाही हाक मारली नव्हती.