हिरवं होईपर्यंत
चिन्नोर तांदळाचा वास आला की बालाघाटच्या घरातली ती दुपार आठवते. नोकरी नवी होती. जावा प्रोग्राम आपोआप तपासणाऱ्या माझ्या चाचण्यांपैकी एक पडद्यावर लालच राहत होती, आणि ती हिरवी झाल्याशिवाय काम पाठवता येणार नव्हतं. बाबा भात झाकून शेजारी येऊन बसले. "बाबा, तुम्ही जेवून घ्या ना." "तुह्यं हिरवं होऊ दे, मंग बसू संगं." शेवटी कळलं, प्रोग्राम बरोबर होता, चाचणीतच मी अपेक्षित उत्तर चुकीचं लिहिलं होतं. ते दुरुस्त करताच हिरवं झालं. बाबा हसले, "म्हंजे तो बिचारा सकाळपासून फुकटच बोलणी खाऊन राह्यलता." गार भातालाही तोच वास होता. बाबा गेल्यापासून चाचणी लाल असली तरी मी वेळेवर जेवून घेते. ताट झाकून थांबलेलं कुणी नसतं.