बोटांनी पाहायची गाडी

अठ्ठ्याऐंशीच्या सुमारास मी वडीगोद्रीच्या शाळेत शिकवायचो. संध्याकाळी बस येईपर्यंत सडकेवरच्या गॅरेजात बसायचो. तिथला मिस्त्री काम संपलं की ऑइलच्या डब्यांच्या पत्र्यातून शर्यतीच्या एका जुन्या गाडीची प्रतिकृती घडवायचा. हातभर लांब. भिंतीवर त्या गाडीचं मासिकातलं चित्र चिकटवलेलं होतं. बॉनेटखालचं इंजिनसुद्धा तो कानशीनं घासून गुळगुळीत करायचा.

"आतलं एवढं बारीक कशाला?" मी एकदा विचारलं.

"डोळ्याला फसवता येतं सर, बोटाला न्हाई."

ते चित्र त्याच्या धाकट्या भावानं आणलेलं होतं. "मीच त्याला म्हनलो, ट्रकची बॅटरी बघ. ती फुटली. दोन्ही डोळे गेले." एवढंच सांगून तो पुन्हा घासू लागला.

गाडी पुरी झाली तेव्हा त्यानं भावाला बाकड्यावर बसवून ती मांडीवर दिली. भावानं चाकं फिरवली, स्टिअरिंग चाचपलं, इंजिनावर बराच वेळ बोट फिरवलं.

"दादा, रंग कोन्ता देला?"

गाडी कोऱ्या पत्र्याचीच होती. रंगाचं मलाही सुचलं नव्हतं. मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं.

"लाल," तो म्हणाला. "चित्रातल्यावानी. बराबर तसाच."

भाऊ हसला आणि गाडी छातीशी धरून घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री गाडीला लाल रंग देत होता.

"चाक ढिलं झालंय म्हनून मागून आनली," तो मान वर न करता म्हणाला. "काही न इचारता त्यानं देऊन टाकली."