इटलीहून आलेले भाडेकरू

आमच्या इटालियन भाडेकरूंना जगातली एकही वस्तू आहे तशी मान्य नव्हती. ते आर्किटेक्ट. हडपसरच्या एका कंपनीची इमारत बांधायला पुण्यात आले. इमारत झाली, करार संपला, पण हे गृहस्थ नारायण पेठेत आमच्या वरच्या मजल्यावर नऊ वर्षं राहिले. तिकडे त्यांनी वाचनालयं बांधली होती, नाटकांचे सेट उभारले होते, चित्रांची प्रदर्शनं भरवली होती. इथे दिवे, बरण्या, दागिने, जे सुचेल ते करत. खिशात कायम टेप. मिसळ खायला नेलं तर आधी वाटीची खोली मोजली. मार्केट यार्डात, पोत्याचं ओझं पाठीवर नेमकं कुठे येतं ते चितारत सकाळभर वाटेत उभे राहिले. शेवटी एका हमालाने त्यांनाच उचलून बाजूला ठेवलं.

माझे वडील गणिताचे निवृत्त शिक्षक. ते म्हणत, "माणसाने एक काहीतरी धड करावं."

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, उजवा पाय गेला. खुर्चीतून उठायला आईचा खांदा लागे. त्या शरमेने ते दिवसच्या दिवस पलंगावरच पडून राहू लागले. हे कळताच भाडेकरू टेप घेऊन खाली आले आणि बाबांचा गुडघा मोजू लागले.

"मापं कसली घेताय? तिरडी बांधायची आहे का?"

"ते नंतर, सर. आधी खुर्ची."

तीन खुर्च्या बाबांनी नापास केल्या. चौथीची बैठक जरा उंच होती, खुर्चीचे हात पुढे लांब आलेले. बाबांनी त्यांवर दोन्ही तळवे रेटले आणि कुणालाही न धरता उभे राहिले. आई स्वयंपाकघरात निघून गेली.

"बरी आहे," बाबा म्हणाले.

"बरी म्हणजे?" भाडेकरूंनी मला हळूच विचारलं.

"पुण्यात याच्यापुढे शब्द नाही," मी म्हटलं.

गेल्या वर्षी त्यांची बहीण आजारी पडली आणि ते परत गेले. तिकडे त्यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन ठरलं, तेव्हा त्यांनी रिकाम्या खुर्चीचा फोटो मागवला. बाबा काही उठेनात. शेवटी बनियनमधल्या बाबांसकट फोटो गेला, आणि प्रदर्शनात तसाच लागला.

परवा वरची जागा बघायला एक जोडपं आलं होतं. "रिकामी नाही," बाबांनी दारातूनच सांगून टाकलं.

ती दोघं गेल्यावर मी विचारलं, "येतो म्हणाले होते का ते?"

बाबांनी पेपरचं पान उलटलं.

"नाही."